निरोप्याची जबाबदारी

वार्ता ऐकणे आणि ऐकलेली वार्ता दुसऱ्यास सांगणे या दोन क्रिया मनुष्याच्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, त्यांचा नीतीशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. चोरी, खून, विश्वासघात यांविषयी बोलताना आपण पापपुण्याची भाषा वापरतो. परंतु सकाळचा चहा घेता घेता मोबाइलवर आलेला मजकूर अंगठ्याच्या एका स्पर्शाने चाळीस माणसांकडे रवाना करताना आपण काही कर्म करीत आहो, असे सुद्धा आपणांस वाटत नाही. प्रस्तुत लेखात याच क्रियेचा विचार करावयाचा आहे. घाऊक प्रमाणावर फिरत आलेल्या संदेशावर विश्वास ठेवावा काय, हा एक प्रश्न. आणि तो पुढे पाठवावा काय, हा दुसरा. या दोहोंची नेहमी गल्लत होते. विश्वास ठेवणे ही निदान प्रथमदर्शनी ज्याची त्याची खाजगी बाब आहे. पुढे पाठविणे ही मात्र कोणत्याही अर्थाने खाजगी बाब राहत नाही.

चर्चा हवेत होऊ नये म्हणून एक घडलेली गोष्ट समोर ठेवतो. १ जुलै २०१८ या दिवशी रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी वस्तीचे गाव आहे. तेथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी त्या बाजाराला आले. हा समाज भटक्या जमातींपैकी असून भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्याची पिढीजात वृत्ती. पाचांपैकी बहुतेकजण आमच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे राहणारे होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशा अर्थाचे संदेश त्यापूर्वी कित्येक दिवस त्या भागात मोबाइलवरून फिरत होते. या पाचांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना कोणाच्या तरी दृष्टीस पडला, कुजबुज झाली, जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारण्यात आले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपल्या भाषेत जुनी आहे. येथे तर चोर मुळात नव्हताच.

ज्यांनी काठ्या उचलल्या त्यांच्या अपराधाचा निवाडा करणे हे न्यायासनाचे काम आहे. आपला प्रश्न त्यांच्या मागे उभ्या असलेल्या, परंतु बाजारात कोणालाच न दिसलेल्या माणसांविषयीचा आहे. तो संदेश राईनपाड्यापर्यंत आपोआप चालत गेला नाही. शेकडो हातांनी तो उचलला आणि पुढे दिला. त्या हातांत एखादा खोडसाळ हात असेल. पण बहुसंख्य हात आईबापांचे, मावश्यांचे, शिक्षकांचे, दुकानदारांचे असले पाहिजेत. आपल्या बहिणीची मुले सुखरूप राहावीत, एवढाच त्यांचा हेतू. त्यांपैकी एखाद्या गृहिणीस, ‘पाच माणसांच्या मृत्यूत तुझाही अंश आहे,’ असे कोणी म्हटले तर तिला धक्का बसेल, आणि तो स्वाभाविकही आहे. म्हणूनच केवळ हेतूवर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही. दुष्ट हेतूने पसरविलेल्या खोट्याचा निषेध करण्यास तत्त्वज्ञानाची गरज नाही. चांगल्या हेतूने पसरविलेल्या खोट्याचे काय करावयाचे, ही खरी अडचण आहे.

‘हे सारे अडाणी खेडुतांचे प्रकार’, असे म्हणून सुशिक्षितांना या प्रश्नातून अंग काढून घेता येणार नाही. ज्या घरांत मासिके येतात, ज्या घरांतील मुले परदेशी शिकतात, त्याच घरांतून रोज सकाळी कर्करोगावरचे घरगुती उपाय, न घडलेल्या दंगलींची वर्णने आणि थोर पुरुषांच्या तोंडी घातलेली वचने बाहेर पडतात. सुशिक्षिताचा विशेष एवढाच की, तो संदेशाच्या माथ्यावर एक ओळ जोडतो: ‘खरेखोटे माहीत नाही, पण सावध राहिलेले बरे.’ ही ओळ जोडली की आपण जबाबदारीतून मोकळे झालो, असे त्यास वाटते. या समर्थनाची नीट छाननी केली पाहिजे. कारण बहुतेक सारी भिस्त याच्यावरच आहे.

पावसाची शंका आली म्हणून मी छत्री घेऊन निघालो आणि पाऊस आला नाही, तर छत्रीचे ओझे माझ्याच खांद्यावर राहते. अशा ठिकाणी खरेखोटे न पाहता सावध राहणे शहाणपणाचे आहे, कारण सावधगिरीचा खर्च सावध होणाऱ्यानेच सोसलेला असतो. पण ‘अनोळखी फकीर-गोसावी दिसले तर जपा’, हा संदेश पाठविणारा स्वतः काय सोसतो? काहीच नाही. त्याच्या सावधगिरीचे ओझे ज्या परक्या माणसाच्या माथी बसते, त्यास या व्यवहाराची वार्ताही नसते. २०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसातून करोना होतो, अशी आवई उठली. घरोघर लोकांनी ‘कशाला विषाची परीक्षा’, म्हणून चार आठवडे मांस वर्ज्य केले. त्यांचे काही बिघडले नाही. महाराष्ट्रात व शेजारच्या कर्नाटकात कुक्कुटपालन करणाऱ्यांवर मात्र पक्षी फुकट वाटण्याची किंवा पुरून टाकण्याची पाळी आली. तेव्हा सावधगिरी हा सद्गुण खरा. पण ज्या सावधगिरीची किंमत आपण दुसऱ्याच्या गाठीचा पैसा खर्चून देतो, तीस सद्गुण म्हणण्यापूर्वी त्या दुसऱ्यास एकवार विचारावयास हवे.

आता विश्वासाच्या प्रश्नाकडे वळू. ‘डोळ्यांनी पाहीन तेच खरे मानीन’, असे म्हणणारा मनुष्य मोठा चिकित्सक वाटतो. पण ते व्रत कोणासही एक दिवस सुद्धा पाळता येणार नाही. आपली जन्मतिथी, आपले आईबाप, पृथ्वीचा आकार, औषधाच्या गोळीतील द्रव्य, यांपैकी काहीही आपण स्वतः पाहिलेले नसते. प्रत्यक्षावाचून दुसरे प्रमाण नाही, असे म्हणणाऱ्या चार्वाकालाही आपले मत शिष्यांस शब्दांनीच सांगावे लागले असेल. आपल्याकडील नैयायिकांनी हे ओळखून प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु वाटेल त्याच्या शब्दाला त्यांनी हा मान दिला नाही. तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. आप्त म्हणजे नातलग, हा आजचा रूढ अर्थ. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो तो आप्त निराळा: ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात् जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू पडते, असेही तो म्हणतो. म्हणजे कूळ, वय, विद्या किंवा नाते यांवर आप्तत्व अवलंबून नाही. ते त्या विशिष्ट वस्तूच्या ज्ञानावर आणि सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे.

एका शब्दाच्या या दोन अर्थांत आपल्या आजच्या फसगतीचे मूळ सापडते. नात्याने जो आप्त, त्याला आपण न्यायाचाही आप्त समजतो. काकांचा स्वभाव आपण चाळीस वर्षे ओळखतो. ते खोटे बोलणार नाहीत, याची आपल्याला खात्री आहे, आणि ती योग्यही आहे. आपल्या गुडघ्याच्या दुखण्याविषयी ते जे सांगतील ते प्रमाण मानावे. पण त्यांच्याकडून आलेला संदेश त्यांचा नसतो. त्यांस तो मित्राने दिला, मित्रास जावयाने, जावयास कार्यालयातील कोणी. आणि त्या साखळीच्या पलीकडच्या टोकास कोण आहे, हे साखळीतील एकासही ठाऊक नाही. या मालिकेत प्रत्येकजण प्रामाणिक असूनही संपूर्ण मालिका खोटी असू शकते. कारण वात्स्यायनाच्या दोन अटींपैकी सांगण्याची शुद्ध इच्छा सर्वांपाशी आहे, साक्षात् ज्ञान मात्र कोणापाशीच नाही. काकांवर असलेला आपला विश्वास त्या अज्ञात माणसाच्या कामी येतो आणि काकांनाही त्याचा पत्ता नसतो.

‘पण यात चित्र आहे, आवाज आहे, हे ऐकीव कसे?’ असा आक्षेप येईल. कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर आहे, असे आपले वाडवडील सांगत. ऐकलेले सोडावे, पाहिलेले धरावे, हा त्याचा भावार्थ. मोबाइलने हे अंतर मोठ्या चतुराईने पुसून टाकले आहे. २०१८ साली मुले पळविण्याच्या अफवांबरोबर एक चित्रफीत देशभर फिरली: मोटारसायकलवरून दोघेजण येतात आणि रस्त्यात खेळणारे मूल उचलून पसार होतात. ही चित्रफीत मूळची कराचीची. मुलांना जपा, हे पालकांच्या मनावर ठसविण्यासाठी तेथील एका संस्थेने ती मुद्दाम रचून तयार करविली होती. शेवटी तेच दोघे मूल परत आणून सोडतात आणि उपदेशाचा फलक दाखवितात. तो शेवट कोणी तरी कापून टाकला. सीरियात २०१३ साली विषारी वायूने मेलेल्या मुलांची छायाचित्रेही अशीच, अवयव काढून घेतलेली मुले म्हणून आपल्या महाराष्ट्रात दाखविण्यात आली. डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. त्याचे स्थळ, काळ आणि प्रयोजन बदलले होते. पाहिलेल्या वस्तूविषयी जे सांगितले जाते ते पुन्हा शब्दच असते, आणि तो कोणाचा, हा प्रश्न चित्र पाहूनही शिल्लक राहतो.

अफवा ही काही या यंत्राने निर्माण केलेली वस्तू नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा इस्पितळात नेलेल्या रोग्यांना तेथे ठार मारतात, अशी समजूत पसरली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. नव्या पुलाच्या पायात बळी देण्यासाठी मुले धरून नेतात, ही भीती आपल्या आजेपणजे पिढीने ऐकलेली आहे. आज पुलाच्या जागी मूत्रपिंड आले आहे, एवढाच फरक. हिंदुस्थानात १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, आणि पुढे कार्डांचीही साखळी सुरू झाली: अमुक देवतेच्या नावाने इतकी कार्डे लिहून पाठवा, न पाठविल्यास अनिष्ट होईल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो, ही वार्ता मुख्यत्वे टेलिफोनवरून एका दिवसात देशभर गेली. तेव्हा जुन्या काळी लोक सत्यवादी होते आणि आज बिघडले, असा शोक करण्याचे कारण नाही.

तथापि एक फरक मोलाचा आहे. पोस्टकार्डाची साखळी पुढे चालविणाऱ्यास कार्डे विकत घ्यावी लागत, तोच मजकूर हाताने पुनःपुन्हा लिहावा लागे, पत्ते आठवावे लागत, पेटीपर्यंत चालावे लागे. त्या खटाटोपात कोठे तरी मन विचारी, ‘हे मी कशासाठी करीत आहे?’ आणि पुष्कळ साखळ्या आळसाने तुटत. आळसाने समाजाची केलेली ही सेवा आपल्या लक्षात आली नव्हती. ती बंद पडल्यावर आली. गणपतीच्या दुधाच्या बाबतीतही ज्याला इच्छा होती त्याला घरच्या घरी पडताळा पाहता येत होता. काठोकाठ भरलेला चमचा कोणत्याही दगडी वा धातूच्या पृष्ठभागाला टेकविला असता दूध ओढले जाऊन खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत द्रव वापरून आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग करून दाखविले. दूरच्या गावी पळविलेल्या मुलाचा पडताळा असा चमच्याने पाहता येत नाही. आता श्रम नाहीत, पडताळा नाही, आणि पोहोचण्यास क्षणाचाही विलंब नाही. जी अडखळण पूर्वी वस्तुस्थिती घालीत असे, ती आता माणसाच्या विवेकाने घालावयाची आहे.

हे काम सोपे नाही; कारण असत्याला एक जन्मजात लाभ मिळालेला असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० वार्तांचा माग काढला. सुमारे ३० लक्ष माणसांनी त्या पसरविल्या होत्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, खोटी वार्ता खऱ्या वार्तेपेक्षा पुढे पाठविली जाण्याचा संभव ७० टक्क्यांनी अधिक असतो, आणि याला कारण यंत्रे नसून माणसेच आहेत. खोट्यात नावीन्य अधिक असते, असे त्यांस आढळले. हे ध्यानात घेतले तर एक व्यवहारी नियम निघतो. जो संदेश वाचताच अंगावर काटा येतो, जो लगेच कोणास तरी सांगावासा वाटतो, त्याच्याच बाबतीत अधिक थांबले पाहिजे. कंटाळवाण्या संदेशाने सहसा कोणाचा जीव जात नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘तर मग काहीच पुढे पाठवू नये, हे उत्तम!’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली असता प्राणवायू कोठे मिळेल, खाट कोठे रिकामी आहे, हे हजारो घरांना अशाच संदेशांनी कळले. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. अशा वेळी काठच्या गावाला वरच्या अंगाची वार्ता पोहोचविण्यास जो कचरतो, त्याचे मौन हा अपराधच ठरेल. म्हणून सत्यवार्ता पोहोचविणे हे कर्तव्य आहे आणि असत्यवार्ता अडविणे हेही कर्तव्य आहे. दोहोंचा मेळ घालणारी वस्तू एकच, ती म्हणजे शहानिशा. करोनाच्या त्याच दिवसांत असेही होई की, खाट भरून गेली तरी ती रिकामी असल्याचा संदेश फिरतच राही, आणि धास्तावलेले नातलग त्याच्या मागे धावत. लबाडी कोणीही केलेली नव्हती. संदेशावर तारीख घालावी, आणि काम झाल्यावर ‘झाले’ असे कळवावे, एवढेच कोणास सुचले नव्हते. तारीख, स्थळ आणि सांगणाऱ्याचे नाव नसलेला संदेश हा पत्त्याशिवायच्या पत्रासारखा आहे. तो कोणाच्याही दारात पडतो आणि कोणाचाच नसतो.

येथे सरकारच्या वाट्याची गोष्टही सांगितली पाहिजे. आर्थर रोडवर चालून गेलेला जमाव चुकीचा होता. पण ज्या सत्तेने रोग्यांना बळजबरीने घराबाहेर नेले आणि लोकांना विश्वासात घेतले नाही, तिने अफवेसाठी जमीन नांगरून ठेविली होती. जेथे अधिकृत वार्ता उशिरा येते किंवा आल्यावरही लोकांस खोटी वाटते, तेथे पोकळी उरते, आणि ती अफवा भरून काढते. नागरिकास ‘शहानिशा कर’, असे सांगणाऱ्या शासनाने शहानिशा कोठे करावी ती जागा उघडी आणि विश्वासू ठेविली पाहिजे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ‘मी केवळ निरोप पोहोचविला, तो माझा नव्हता’, हे समर्थन कितपत टिकते? आपल्या परंपरेत दूताला अभय आहे. रावणाच्या सभेत हनुमंताच्या वधाची आज्ञा झाली तेव्हा, दूत अवध्य आहे, असे सांगून बिभीषणाने ती फिरविली. परंतु हे अभय कशामुळे मिळते ते पाहावे. दूत आपल्या धन्याचे नाव सांगतो; निरोपाचा जाब विचारावयाचा झाल्यास कोणाला विचारावा, हे त्याच्या येण्यानेच स्पष्ट होते. आपण निरोप पोहोचवितो तेव्हा आपला धनी कोण असतो? ते आपणांसच ठाऊक नसते. धन्याचे नाव ज्यास सांगता येत नाही तो दूत नव्हे. निरोपाचा धनी तोच. शिवाय दूत ज्याच्याकडे पाठविला त्याच्याकडेच जातो. आपण कोणाकडे जावयाचे ते स्वतः ठरवितो, आणि ते चाळीसजण आपल्या नावाकडे पाहूनच दार उघडतात. निवडही आपली आणि भरवसाही आपल्या नावाचा. मग जबाबदारी तेवढी दुसऱ्याची, हे न्यायाचे दिसत नाही.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एका जहाजमालकाचे उदाहरण आहे. जहाज जुने झाले आहे हे माहीत असून तो मनाची समजूत घालतो आणि उतारूंनी भरलेले जहाज समुद्रात सोडतो, जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की, जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालकाचा दोष रतिमात्र कमी झाला नसता. फक्त तो उघडकीस आला नसता. हा विचार आपल्या विषयास तंतोतंत लागू आहे. २०१८ च्या त्या दिवसांत तोच संदेश सहस्रावधी माणसांनी पाठविला. बहुतेकांचा संदेश कोणत्याही बाजारात पोहोचला नाही आणि कोणाचाही जीव गेला नाही. पण त्यांनी केलेले कर्म राईनपाड्याच्या वाटेवरील माणसांच्या कर्माहून निराळे नव्हते. निराळे होते ते केवळ दैव.

त्या घटनेनंतर काही बाह्य उपाय झाले. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तसा शिक्का उमटविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्यास बंदी घातली. २०२० च्या एप्रिलपासून पुष्कळ हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाच्या हत्यांविषयी राज्यांना निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जात, जमात, जन्मस्थान, भाषा इत्यादी कारणांवरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आहे. हे सर्व इष्टच आहे. परंतु यंत्राची मर्यादा अंगठ्याला अडविते, मनाला अडवीत नाही. आणि कायदा काठी पडल्यावर येतो.

या लेखकाच्या समोर कुंभारी आहे. सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावाच्या परिसरात विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली ती त्यांच्या हाती आली. याच गावी रे नगरची तीस हजार घरांची योजना असून त्यांपैकी पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी कुटुंबे येथे भिंतीला भिंत लावून राहतात. अशा वस्तीत संदेश एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना किती बदलत असेल, याची कल्पना करावी. ‘अमुक योजनेचा अर्ज आज संध्याकाळपर्यंत भरा’, असा खोटा संदेश एखाद्या पगारदाराने सहज पुढे ढकलला, तर त्याचे काहीच जात नाही. पण विड्यांची पाटी बाजूला सारून कचेरीच्या दारात उभी राहणारी स्त्री त्या दिवसाच्या मजुरीला मुकते. हजार विड्या वळल्या तर हजारांचे दाम, अशी जिची मिळकत, तिचा एक दिवस म्हणजे काय, हे त्या पगारदारास निरोप पाठविण्यापूर्वी सुचले पाहिजे. आपल्याकडे मडके विकत घेताना ते बोटाने वाजवून घेण्याची रीत आहे. चार पैशांच्या मडक्याला आपण टिचकी मारतो. शेजाऱ्याच्या हाती द्यावयाच्या वार्तेला निदान तेवढा मान द्यावा.

ही टिचकी कोणती? तीन प्रश्न पुरेत. हे ज्याने स्वतः पाहिले वा जाणले तो कोण? हे केव्हाचे व कोठले? आणि हे खोटे निघाल्यास कोणाचे नुकसान होईल? पहिल्या दोहोंचे उत्तर मिळत नसेल आणि तिसऱ्याचे उत्तर ‘माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचे तरी’ असे असेल, तर संदेश आपल्यापाशीच थांबला पाहिजे. यासाठी पांडित्य लागत नाही. चार मिनिटांचा धीर लागतो.

घरोघर जाणवणारी एक अडचण राहिली. खोटा संदेश पुष्कळ वेळा वडीलधाऱ्यांकडून येतो. सर्वांदेखत त्यांची चूक दाखविणे उद्धटपणाचे, आणि गप्प बसणे खोट्याला संमती दिल्यासारखे. माझ्या मते येथे दोन वेगळी कर्तव्ये आहेत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी पाळावी. मान राखावयाचा तो व्यक्तीचा. तेव्हा त्यांस एकांतात, आदराने सांगावे. सत्य राखावयाचे ते ज्या चाळीसजणांनी खोटे वाचले त्यांच्यासाठी. तेव्हा दुरुस्ती चारचौघांतच झाली पाहिजे, आणि शक्य तर ती वडिलांनीच करावी. ज्या वाटेने खोटे गेले त्याच वाटेने खरे गेल्यावाचून ऋण फिटत नाही. ज्या घरात आजोबा ‘मी पाठविले ते चुकीचे होते’, असे नातवंडांदेखत म्हणू शकतात, त्या घरात त्यांचा शब्द त्या दिवसापासून अधिक वजनदार होतो.

राईनपाड्याच्या त्याच रविवारी रात्री मालेगावातही असाच प्रकार घडू पाहत होता. एका लहान मुलासह पाच परक्या माणसांना जमावाने मुले पळविणारे समजून घेरले. त्या वस्तीतही तेच संदेश आलेले होते, आणि तीच भीती होती. परंतु तेथे एकाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि दार लावले; पोलीस आले; दाराबाहेर जमाव ओरडत होता, तरी ती पाचही माणसे जिवंत राहिली. आत घेतलेली माणसे निरपराध आहेत, हे त्या गृहस्थास त्या क्षणी निश्चित ठाऊक असणे शक्य नव्हते. खरे काय ते कळेपर्यंत कोणाला इजा होऊ देऊ नये, एवढेच त्याने केले. घाऊक संदेश हाती आला असता आपणांकडून याहून फारच थोड्याची अपेक्षा आहे. दाराबाहेर जमाव नसतो, जिवाला धोका नसतो. अंगठा तेवढा आवरावयाचा असतो.